वाचकांचे प्रश्न : झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या वाड्यातील रात्रीची तपासणी

प्रश्न : आमच्या सातारा जिल्ह्यातील गावात एक जुना दुमजली वाडा आहे. बरीच वर्षे तो बंद असून माडीवर रात्री कोणीतरी येरझाऱ्या घालते, असे सारे गाव सांगते. आम्ही काही मित्रांनी मालकांच्या संमतीने तेथे चार-सहा रात्री मुक्काम करून काय ते पाहायचे ठरवले आहे. इंग्लंडमध्ये बोर्ली येथे अशीच मोठी सामूहिक तपासणी झाली होती, असे वाचले. ती कशी झाली आणि आम्ही तिच्यातून काय घ्यावे?

उत्तर : आपण बोर्लीचे नाव काढलेत हे फार चांगले झाले. सामूहिक शोधाची आखणी कशी करावी आणि ती करताना शोध कोठे फसतो, या दोन्ही गोष्टी त्या एकाच घराच्या इतिहासात पाहायला मिळतात.

बोर्ली हे एसेक्स परगण्यातील, सडबरी गावाजवळचे एक लहानसे खेडे आहे. तेथील धर्मगुरू हेन्री डॉसन एलिस बुल यांनी १८६३च्या सुमारास स्वतःच्या कुटुंबासाठी लाल विटांचे मोठे घर बांधले. त्यांना चौदा मुले होती. कुटुंब वाढत गेले तसे घरही वाढवले गेले आणि त्यामुळे मधले अंगण जवळजवळ चारी बाजूंनी बंदिस्त झाले. या अंगणाचे महत्त्व पुढे येईल. २८ जुलै १९०० रोजी संध्याकाळच्या संधिप्रकाशात बुल यांच्या चार मुलींना बागेत एक ख्रिस्ती जोगीण चालताना दिसली, असे सांगितले जाऊ लागले. पूर्वी तेथे मठ होता, त्यातील एका साधूवर प्रेम केले म्हणून त्या जोगिणीला भिंतीत चिणून मारले, अशी दंतकथा तिला जोडली गेली. त्या जागी असा मठ असल्याचा कोणताही ऐतिहासिक पुरावा पुढे मिळाला नाही.

१९२८ मध्ये तेथे राहायला आलेल्या स्मिथ दांपत्याने घरातील चमत्कारिक प्रकारांविषयी ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राकडे विचारणा केली. वृत्तपत्राने आपला वार्ताहर पाठवला आणि त्याच्या पाठोपाठ जून १९२९ मध्ये हॅरी प्राइस तेथे पोहोचले. प्राइस हे त्या काळातील अतिशय गाजलेले भूतसंशोधक होते. हातचलाखीचे खेळ त्यांना चांगले अवगत होते आणि मृतांशी बोलतो असे सांगणाऱ्या अनेक ढोंगी ‘माध्यमां’चे पितळ त्यांनी उघडे पाडले होते. ते येताच घरात दगड पडू लागले, वस्तू फेकल्या जाऊ लागल्या आणि आरशाच्या चौकटीतून टकटक करून ‘आत्मा’ उत्तरे देऊ लागला. ते परतल्यावर हे प्रकार थांबले. पुढे, प्राइस यांच्या मृत्यूनंतर, एका पत्रकाराने असे जाहीरपणे लिहिले की त्या काळात बोर्लीत एक खडा आपल्याला लागला तेव्हा आपण प्राइस यांना धरले आणि त्यांचे खिसे खड्यांनी भरलेले आढळले. आरोप झाला तेव्हा उत्तर द्यायला प्राइस हयात नव्हते, हे न्यायाच्या दृष्टीने नोंदवले पाहिजे.

आपल्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे तो भाग १९३७ मध्ये सुरू होतो. घर रिकामे पडले होते. प्राइस यांनी ते एका वर्षासाठी भाड्याने घेतले आणि २५ मे १९३७ रोजी ‘द टाइम्स’मध्ये जाहिरात दिली. फुरसत असलेल्या, बुद्धिमान, निर्भय आणि चिकित्सक व्यक्तींनी एका झपाटलेल्या घरात पाळीपाळीने पहारा करावा, असे आवाहन तीत होते. त्यातून अठ्ठेचाळीस निरीक्षक निवडले गेले. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा अधिक होता आणि बहुतेक जण शनिवार-रविवारी येऊन राहत. घरातील किरकोळ वस्तूंभोवती खडूने रेघ मारून त्या हलतात का हे पाहणे, भिंतींवर आधीपासून असलेल्या पेन्सिलीच्या खुणांना वर्तुळ करून नवी खूण उमटली तर ती ओळखता यावी अशी सोय करणे, दारांना मोहरा लावणे, तापमान नोंदवणे, वेळ टिपून ठेवणे अशी कामे त्यांना नेमून दिलेली होती. सिडनी ग्लॅनव्हिल नावाच्या अभियंत्याने तर घराचे बारकाईने नकाशे तयार केले. एवढ्या संख्येने सामान्य नागरिकांना हाताशी धरून, लेखी नियम घालून एखाद्या घराचा असा पहारा त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्या कल्पनेविषयी मला मनापासून आदर आहे.

परंतु त्याच नियमांच्या पुस्तिकेत एक दोष शिरला आणि त्याने साऱ्या परिश्रमांवर पाणी फिरवले. निळ्या वेष्टनामुळे ‘ब्लू बुक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तिकेत कसे वागावे याच्या सूचना होत्याच, पण त्यांच्या जोडीला पूर्वी कोणाला काय दिसले आणि ऐकू आले, हेही निरीक्षकांना सांगितलेले होते. जेथे पावले वाजतात असे आधी सांगून ठेवले आहे, त्या जिन्यापाशी रात्री दोन वाजता बसलेल्या माणसाला लाकडाचा साधा करकरणारा आवाजही पाऊल म्हणूनच ऐकू येतो. त्याची नोंद प्रामाणिक असते, तरीही ती स्वतंत्र साक्ष राहत नाही, कारण तिचे शब्द त्याला आधीच पुरवलेले असतात. इतके असूनही बहुतेक निरीक्षकांना सांगण्याजोगे फारसे काही आढळले नाही.

मार्च १९३८ मध्ये ग्लॅनव्हिल यांच्या मुलीने लंडनच्या स्ट्रेथम भागात प्लँचेट केले. त्यात आलेल्या एका ‘संदेशा’ने २७ मार्चच्या रात्री नऊ वाजता ते घर जळेल असे सांगितले. त्या रात्री काहीही झाले नाही. घराला आग लागली ती २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, म्हणजे अकरा महिन्यांनी. नव्या मालकाने तेलाचा दिवा पडून आग लागल्याचे सांगितले आणि विमा कंपनीने चौकशी करून ती मुद्दाम लावलेली ठरवली. तरीही आज हा किस्सा सांगणारे अनेक जण ‘भाकीत खरे ठरले’ असेच म्हणतात. दिनांक लेखी होते म्हणूनच हे तपासता आले. कागदावरची नोंद आणि लोकांच्या तोंडची गोष्ट यांत केवढे अंतर पडते, हे मला या प्रसंगात फार ठळकपणे दिसते.

१९४४ मध्ये पडीक भिंती पाडल्या जात असताना हवेत तरंगणाऱ्या विटेचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. ती वीट आत काम करणाऱ्या मजुराने फेकलेली होती. १९४८ मध्ये प्राइस वारले. त्यानंतर सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या १८८२ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या संस्थेतील डिंगवॉल, गोल्डनी आणि हॉल या तिघांनी सारी कागदपत्रे नव्याने चाळली आणि १९५६ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. काही प्रकार माणसांनी केलेले होते आणि उरलेल्यांमागे उंदीर, जुने बांधकाम आणि त्या बंदिस्त अंगणात आवाजाचे होणारे विचित्र वहन अशी साधी कारणे होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या अहवालाला पुढे उत्तरेही दिली गेली आणि प्राइस यांची बाजू मांडणारे अभ्यासक आहेत. पण हे तिघे भूतविद्येचे शत्रू नव्हते. या विषयाची आस्था असलेल्या संस्थेसाठीच त्यांनी हे काम केले होते आणि म्हणून मला त्यांचे म्हणणे अधिक वजनदार वाटते.

आता आपल्या वाड्याविषयी. आपण सारे त्याच गावचे असाल तर गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, आणि ती अडचण सोपी नाही. त्यामुळे प्रत्यक्ष रात्री बसणारी माणसे शक्यतो बाहेरगावची घ्यावीत. त्यांना वाड्याविषयी काही सांगू नये, माडीचा उल्लेखही करू नये. गावातील सर्व कथा एकाने सांगणाऱ्याच्या शब्दांत आधीच लिहून, लिफाफ्यात बंद करून मालकांकडे ठेवाव्यात. हा लिहिणारा रात्रीच्या मुक्कामात नसावा.

मुक्कामापूर्वी निदान दोन-तीन दिवस उजेडात वाडा नीट पाहावा. सागवानी तुळया आणि तक्तपोशी दिवसभर तापतात आणि रात्री निवू लागल्या की आकसतात. तो आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला तर कोणी चालत गेल्याचा भास निश्चित होतो. कौलांखाली उदमांजराचा वावर असेल तर त्याची चाल माणसाच्या पावलांइतकी जड वाटते. गव्हाणी घुबड पडक्या माडीत राहते, त्याचे ओरडणे अंगावर काटा आणते आणि त्याचे उडणे मात्र अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे कंदिलाच्या उजेडात ते पांढुरके अंग समोरून सरकले तर भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. माडीवर वस्त्रगाळ राखेचा पातळ थर संध्याकाळी चाळून ठेवा आणि पहाटे तो मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रात घ्या. उदमांजराचे पाच बोटांचे ठसे, उंदराच्या शेपटीची रेघ आणि माणसाचे पाऊल यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. दारांच्या कड्यांना शिवणाचा दोरा बांधून त्यावर लाख लावावी, म्हणजे दार उघडले गेले की नाही एवढे तरी निःसंशय कळेल.

एक गोष्ट मी आग्रहाने सुचवीन. त्याच वयाचा, तशाच बांधणीचा, पण ज्याच्याविषयी कोणतीही वदंता नाही असा दुसरा एखादा वाडा शोधा आणि तितक्याच रात्री, त्याच माणसांनी, त्याच पद्धतीने तेथेही बसावे. कोणता वाडा बदनाम आहे हे त्यांना कळू देऊ नये. दोन्ही ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय ‘येथे जास्त आवाज येतात’ या विधानाला काही अर्थ नसतो. बोर्लीत हे कोणी केले नाही.

प्रश्न : एकट्या माणसाला भास होऊ शकतो हे मान्य. पण पाच-सहा जणांनी एकाच वेळी एकच गोष्ट अनुभवली, तर तिला पुरावा मानू नये का?

उत्तर : पाच जणांनी एकदम आवाज ऐकला तर आवाज झाला, एवढे बहुधा खरे मानावे. तो कशाचा होता याविषयी मात्र त्या पाच जणांचे एकमत किती लवकर आणि कसे झाले, हे पाहिले पाहिजे. अंधारात कोणी तरी हळूच ‘पैंजण!’ म्हणतो आणि त्या क्षणापासून उरलेल्या चौघांच्या आठवणीतही तो आवाज पैंजणाचा होतो. यात कोणी लबाडी करत नसते. म्हणून प्रत्येकाने बोलण्याआधी स्वतःच्या वहीत वेळ, दिशा आणि आवाजाचे वर्णन लिहावे, त्याखाली सही करावी आणि सकाळपर्यंत वह्या एकमेकांना दाखवू नयेत. ‘कोणी चालले’ असे लिहू नये, ‘डोक्यावर, उजवीकडून डावीकडे, चार ठोके’ असे लिहावे.

समूहाच्या अपेक्षेतून काय घडू शकते याचा एक विलक्षण प्रयोग १९७२च्या सुमारास कॅनडातील टोरांटो येथे सुरू झाला. आठ जणांच्या गटाने फिलिप नावाचा सतराव्या शतकातील एक इंग्लिश सरदार पूर्णपणे कल्पनेने रचला, त्याचे चरित्र लिहिले आणि त्याला बोलावण्यासाठी ते नियमित बसू लागले. बऱ्याच बैठकांनंतर टेबलातून ठोक्यांनी उत्तरे येऊ लागली आणि टेबल हलू लागले. फिलिप कधी जन्मालाच आला नव्हता, हे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. १९९७ मध्ये लँग आणि हूरान या संशोधकांनी अमेरिकेतील एका बंद नाट्यगृहात लोकांना फिरवले. काहींना ही जागा झपाटलेली आहे असे सांगितले आणि इतरांना येथे दुरुस्ती चालू आहे असे सांगितले. पहिल्या गटाला विचित्र अनुभव स्पष्टपणे अधिक आले.

समंध, मुंजा, हडळ, देवचार ही नावे ज्या मुलखात लहानपणापासून कानांवर पडतात, तेथे पिंपळाखालची सावली मुंजाची होते. बोर्लीत ती जोगिणीची झाली. पाहणाऱ्याच्या मनात जे रूप तयार असते तेच त्याला भेटते, आणि याच कारणासाठी मी वेगवेगळ्या लिहिलेल्या वह्यांना इतके महत्त्व देतो.

प्रश्न : चुंबकीय क्षेत्र मोजणारे मीटर, उष्णता दाखवणारे कॅमेरे, ध्वनिमुद्रक यांपैकी काय घ्यावे? मोबाइलमधील ‘भूतशोधक’ अ‍ॅप उपयोगी पडते का?

उत्तर : अशी अ‍ॅप करमणुकीसाठी केलेली असतात, त्यांवर वेळ घालवू नये. चुंबकीय क्षेत्राचा मीटर विजेची तार, मोटार किंवा खिशातील मोबाइल जवळ आला की हलतो. मीटर हलणे आणि आत्मा असणे यांचा संबंध कोणी सिद्ध केलेला नाही, त्यामुळे त्याच्या आकड्यातून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

ऐकू न येणाऱ्या, अतिशय कमी कंपनांच्या ध्वनीची गोष्ट अधिक रंजक आहे. इंग्लंडमधील अभियंते व्हिक टँडी यांना आपल्या प्रयोगशाळेत उदास वाटे, घाम फुटे आणि नजरेच्या कडेला करडी आकृती दिसे. एके दिवशी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून ठेवलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरताना त्यांनी पाहिले आणि माग काढला, तेव्हा नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर उभी राहिल्याचे त्यांना आढळले. याविषयीचा त्यांचा निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण पुढे ख्रिस्तोफर फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये एक खास खोली बांधून असा ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र ठरवून सोडले, तेव्हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार लोकांचे अनुभव त्या साधनांच्या चालू-बंद असण्यावर अवलंबून नव्हते. टँडी यांचे स्पष्टीकरण सरसकट सर्व वाड्यांना लावणे म्हणूनच योग्य नाही.

जे उपकरण मी प्रत्येक गटाला घ्यायला लावीन ते कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारे साधे यंत्र आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. नव्या घरात आल्यापासून त्यांना पावले ऐकू येत, कोणीतरी पाहत आहे असे वाटे, डोके दुखे आणि झाडेही सुकत होती. घर तापवणाऱ्या भट्टीत बिघाड होता आणि तिचा विषारी वायू खोल्यांत पसरत होता. दुरुस्ती झाली आणि सारे थांबले. थंडीत बंद माजघरात शेगडी पेटवून रात्र काढणाऱ्यांनी ही हकिगत गंभीरपणे घ्यावी. याशिवाय प्रत्येक खोलीत एकाच वेळी चालू असलेले ध्वनिमुद्रक, घड्याळे जुळवून घेतलेली, आणि एक साधा तापमापक एवढे पुरे.

प्रश्न : कोकणात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आम्ही मुंबईत असतो. कोणीतरी ते भुताटकीचे असल्याचे पसरवले आणि आता रात्री तरुणांच्या टोळ्या भिंती चढून आत शिरतात, चित्रफिती टाकतात. त्यांत आमच्या दिवंगत काकूंचे नावही घेतले जाते. आम्ही काय करावे?

उत्तर : आपले पत्र वाचून फार वाईट वाटले. तपासणी करणाऱ्यांच्या उत्साहात घरच्यांचा विचार सर्वांत आधी मागे पडतो. १९२९ मध्ये वृत्तपत्रात बातमी येताच बोर्लीच्या घराभोवती रात्री बसगाड्या भरून लोक जमू लागले आणि स्मिथ दांपत्याने काही आठवड्यांतच ते घर सोडले. नंतर तेथे राहिलेल्या मारियान फॉयस्टर यांच्यावर तर घराच्या भिंतींवर उमटणारी अक्षरे त्याच लिहितात, असा संशय आयुष्यभर राहिला. आपल्याकडे मराठवाड्यात ‘भानामती’च्या नावाखाली बायकांना काय सोसावे लागले हे सर्वश्रुत आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी अनेक प्रकरणे हाताळली. दगड टाकणारी किंवा कपडे जाळणारी व्यक्ती घरातलीच आणि बहुधा कोंडमारा सोसणारी असते, असे त्यांना आढळले आणि तिचे नाव चव्हाट्यावर न आणण्याची काळजी त्यांनी घेतली. हे सौजन्य प्रत्येक शोधगटाने अंगी बाणवावे, असे मला तळमळीने वाटते. मृत व्यक्तीचे नाव कुटुंबाच्या संमतीवाचून कोठेही येता कामा नये.

मालकाच्या परवानगीशिवाय घरात शिरणे हा गुन्हा ठरू शकतो, घर ओसाड असले तरीही. चित्रफितींचे दुवे, दिनांक आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या. पोलीस पाटील व ग्रामपंचायतीलाही एकेक प्रत द्या. ज्या संकेतस्थळावर चित्रफिती आहेत, तेथेही तक्रार नोंदवता येते. भूत काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले किंवा दहशत घातली, तर महाराष्ट्रात २०१३ पासून लागू असलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घ्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जवळच्या शाखेला बोलावून दिवसाउजेडी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन घर दाखवणेही उपयोगाचे ठरते, कारण बंद दारामागे काय आहे हे कळले की अफवेचा जोर ओसरतो.

याआधी मात्र एक काम या आठवड्यातच करा. घराच्या आवारात विहीर, धान्याचे पेव किंवा बंद टाकी असेल तर तिच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवून कुलूप लावा. वर्षानुवर्षे बंद असलेल्या अशा जागेत प्राणवायू कमी होतो आणि घातक वायू साचतो. रात्री मोबाइलच्या उजेडात आत उतरलेला मुलगा दोन-चार श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरणाराही. जाळीशेजारी मराठीत ठळक अक्षरांत ‘विषारी वायू – आत उतरू नये’ असा फलक लावा आणि शेजाऱ्यांपैकी एकाकडे कुलपाची किल्ली ठेवा.